गाड्या घेऊन मुंबई बघायला निघताय? या चुका टाळा

दोन-तीन गाड्या, चौदा-पंधरा माणसं आणि जोडून आलेली सुट्टी. पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिकहून मुंबई बघायला निघणाऱ्या गटांचा बेत बहुतेक असाच असतो आणि चुकाही त्याच त्या असतात. बरीचशी डोकेदुखी एका समजुतीतून येते: गाडी आहे ना, मग मुंबई गाडीतूनच बघू. मुंबईपर्यंत पोचायला गाडी उत्तम, पण मुंबईत फिरताना तिची अडचणच होते. निघण्याआधी गटातल्या सगळ्यांनी हे मान्य केलं, तर निम्मे वाद घरीच मिटतात.

"माझ्या मागे या"

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एकाला रस्ता माहीत असतो, तो पुढे राहतो आणि बाकीच्यांना सांगितलेलं असतं की फक्त मागे या. एक्सप्रेसवेवर हे जमून जातं. मुंबईत शिरल्यावर दहाव्या मिनिटाला साखळी तुटते.

नेहमी दिसणारा प्रकार असा. तीन गाड्या वांद्र्याहून सागरी सेतूवरून किनारी रस्त्याने हाजी अलीला निघतात. पहिली गाडी हाजी अलीच्या फाट्याला वळते. दुसरी कशीबशी तिच्या मागे घुसते. तिसरीच्या आडवी बस येते आणि ती सरळ पुढे जाते. मध्ये यू-टर्न नाही. अमरसन्सचा फाटा लक्षात येईपर्यंत मागे पडतो आणि गाडी मलबार हिलखालच्या दोन किलोमीटरच्या बोगद्यात शिरते. आत फोनवरचा नकाशा जागीच गोठतो. बाहेर पडते तेव्हा समोर मरीन ड्राइव्ह. फोन केला की "कुठे आहात?" आणि उत्तर येतं, "उजवीकडे समुद्र आहे." उजवीकडे समुद्र तर वरळीपासूनच आहे! तोवर पहिली गाडी तिसरीची वाट बघत थांबायला मनाई असलेल्या जागी उभी असते, म्हणजे ई-चलान ठरलेलं. तिसरी वळून परत येते तोपर्यंत पाऊण-एक तास गेलेला असतो आणि लहान मुलं रडकुंडीला आलेली असतात. यात वाईट गाडी चालवली कोणीच नाही. पद्धतच चुकीची होती.

उपाय सोपा आहे, पण तो घरून निघण्याआधी करायचा. प्रत्येक गाडी स्वतःच्या पत्त्यावर चालली पाहिजे. भेटायच्या जागा आधी ठरवा: पहिली एक्सप्रेसवेवरचा फूड मॉल, दुसरी वाशी पूल ओलांडण्याआधीचा एखादा पेट्रोल पंप, तिसरी थेट पार्किंग. लोकेशन पाठवताना ते पार्किंगच्या फाटकाचं पाठवा, स्थळाचं नाही. 'गेटवे ऑफ इंडिया' टाकलं की नकाशा तिथे नेऊन सोडतो आणि तिथे गाडी उभी करायला जागा नसते.

चुकलेल्या गाडीने मागे फिरायचं नाही, पुढच्या भेटीच्या जागी जायचं. बाकीच्यांनी वाटेत कुठेही तिच्यासाठी थांबायचं नाही. हा एक नियम कडक पाळा. व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन आठ तासांसाठी सुरू ठेवा, पण ते बघायचं काम चालकाशेजारच्याचं. त्या जागी झोपाळू माणूस बसवू नका. सगळ्या गाड्यांचे नंबर आणि प्रत्येक गाडीतले दोन फोन नंबर कागदावर लिहून तो कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. फोनची बॅटरी संपते, कागदाला तो प्रश्न नाही.

घाट न्यूट्रलमध्ये उतरणं

पेट्रोल वाचेल म्हणून खंडाळ्याचा उतार न्यूट्रलमध्ये उतरणारे अजूनही आहेत. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनाचा पुरवठा बहुतांशी बंदच होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतं. म्हणजे बचत शून्य, आणि सात माणसं व त्यांच्या सामानाचं सगळं वजन एकट्या ब्रेकवर. चढ ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतार उतरा: तिसरा, गरज पडली तर दुसरा. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल किंवा 'एल' वापरा. जळका वास आला किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं, तर सुरक्षित जागा बघून थांबा आणि अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते.

टायरमधली हवाही पूर्ण भाराची भरा. हा आकडा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, आणि बऱ्याच गाड्यांत मागच्या टायरला पुढच्यापेक्षा जास्त असतो. पंपावरचा मुलगा विचारेल "तीस टाकू?" त्याला स्टिकरवरचा आकडा सांगा.

अटल सेतू 'बघायला' जाणं

शिवडी ते न्हावा-शेवा जोडणारा, २१.८ किलोमीटर लांबीचा हा पूल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून कार थांबवून फोटो काढणाऱ्यांना दंड होतो आहे आणि तरी लोक थांबतातच. मागून शंभरच्या वेगाने गाड्या येत असतात. उभी गाडी तिथे मृत्यूला आमंत्रण आहे. फोटो काढायचाच असेल तर चालत्या गाडीतून मागच्या सीटवरच्याने काढावा.

दुसरी गोष्ट, हा पूल तुमच्या वाटेवर आहे का ते आधी बघा. मुक्काम फोर्ट, कुलाबा, परळकडे असेल तर तो खरंच वेळ वाचवतो. मुक्काम अंधेरी-बोरिवलीला असेल तर टोल भरून शिवडीला उतरायचं आणि तिथून उलटं उत्तरेकडे रांगत जायचं, याला अर्थ नाही. त्यापेक्षा वाशीवरून जा. मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल माफ आहे.

गटात दुचाक्या असतील तर एक्सप्रेसवे, अटल सेतू, वांद्रे-वरळी सागरी सेतू, किनारी रस्ता आणि जेजे उड्डाणपूल हे पाचही त्यांना बंद आहेत. त्यांचा मार्ग वेगळा आखा.

गाडी घेऊन फोर्टात शिरणं

कामाच्या दिवशी सकाळी आठ ते अकरा या वेळात दक्षिणेकडे गाड्या नेणं म्हणजे सहलीतला सगळ्यात ताजा वेळ ब्रेक-क्लचवर घालवणं. पोचल्यावर पार्किंग शोधायचं, तेही तीन गाड्यांचं, एकाच जागी. शोधता शोधता कोणीतरी वैतागून 'पाचच मिनिटं' म्हणून रस्त्याकडेला लावतो आणि क्रेन गाडी उचलून नेते.

माझं ठाम मत आहे की गाड्या वेशीवर ठेवाव्यात. पुण्याकडून येणाऱ्यांनी मुक्काम पनवेल, बेलापूर, नेरूळ, वाशी इथे स्टेशनच्या जवळ घ्यावा. हार्बर लोकल तिथून थेट सीएसएमटीला (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) जाते आणि वाशीपासून पन्नास मिनिटांच्या आसपास लागतात. नाशिककडून येणाऱ्यांना ठाणे सोयीचं. पश्चिम उपनगरात राहणाऱ्यांसाठी आरे ते कफ परेड ही मेट्रो ३ आहे. ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण मार्ग सुरू आहे आणि सिद्धिविनायक, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट ही स्टेशनं त्याच एका मार्गावर येतात. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर लोकलच्या धक्काबुक्कीपेक्षा मेट्रोच घ्या.

फोर्टात उतरलात की गाडीची गरजच उरत नाही. सीएसएमटी, समोरची महापालिकेची इमारत, हुतात्मा चौकातलं फ्लोरा फाउंटन, हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, ओव्हल मैदानाच्या पलीकडच्या आर्ट डेको इमारती, काळा घोडा, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, शेवटी गेटवे. हे सगळं तीन-साडेतीन किलोमीटरच्या चालीत बसतं. ओव्हलच्या एका बाजूला गॉथिक आणि दुसऱ्या बाजूला आर्ट डेको अशा समोरासमोर उभ्या रांगांना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. गाडीतून जाताना तिथे दिसतात ती फक्त झाडं.

रविवारी फोर्ट रिकामा असतो, तेव्हा गाडी नेणंही त्यातल्या त्यात परवडतं. पण रविवारीच लोकलचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्गांवरची वाहतूक बंद, असतो, बहुतेक वेळा सकाळी अकराच्या सुमाराला सुरू होऊन दुपारी चारपर्यंत. कोणत्या मार्गावर आहे ते शनिवारी जाहीर होतं. न बघता स्टेशनवर गेलात तर तासभर फलाटावर उभे राहाल.

लोकलमध्ये पंधरा जणांनी एकाच डब्यात चढायचा हट्ट धरू नका. चार-चारचे गट करा, प्रत्येक गटात एक जाणता. उतरायचं स्टेशन सगळ्यांना पाठ असू द्या. मागे राहिलेल्याने पुढच्या गाडीने येऊन इंडिकेटरखाली थांबायचं. चालत्या गाडीमागे कोणी धावायचं नाही. सुटलेली लोकल काही मिनिटांत पुन्हा मिळते.

वाहनतळाबद्दल आणखी एक. तळघरातल्या पार्किंगच्या तोंडावर उंचीची पट्टी असते. टपावर कॅरिअर आणि वर बांधलेल्या बॅगा असल्या की मोठी गाडी तिथे अडते, टेम्पो ट्रॅव्हलर तर आत जाणारच नाही. गाडीची सामानासकट उंची टेपने मोजून ठेवा.

भरती-ओहोटी न बघणं

समुद्राकाठचं शहर बघायला येतात आणि समुद्राची वेळ विचारत नाहीत. उधाणाच्या, म्हणजे सगळ्यात उंच चढणाऱ्या भरतीत हाजी अलीची वाट पाण्याखाली जाते. दर्ग्यात असताना पाणी चढलं तर ते उतरेपर्यंत आतच थांबावं लागतं. वांद्र्याच्या बँडस्टँडचे काळे खडक ओहोटीला उघडे पडतात, लोक फोटोसाठी पार टोकापर्यंत जातात आणि भरती मागून येते. शेवाळलेल्या खडकावरून घाईने परतणं जिवावर बेततं. मरीन ड्राइव्हच्या चौपायी काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उतरणंही तसंच. आक्सा किनाऱ्यावर पाण्यात जाऊच नका. तिथे पायाखालची वाळू सरकते आणि ओढ जबर आहे.

कोकणातला जुना हिशेब सगळ्यांनी शिकून ठेवावा: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला, म्हणजे पंधराव्या तिथीला, सव्वाअकरा. दिवसरात्रीत भरती दोनदा, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने, आणि भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्ध्यापाऊण तासाचा फरक धरून चाला, आणि नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे कमी चढणारी भरती. म्हणून हाजी अलीला जायचा दिवस पौर्णिमेचा असेल तर दुपारी बाराला पोचायचा बेत करू नका.

पावसाळ्यात हा हिशेब आणखी महत्त्वाचा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोरदार पाऊस एकाच वेळी आले की नाल्यांचं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही आणि हिंदमाता, गांधी मार्केट, अंधेरी व मिलन सब-वे तुंबतात. पाणी अर्ध्या चाकाच्या वर दिसलं तर गाडी घालू नका, समोरची एसयूव्ही गेली तरी. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग इंजिन उघडावंच लागतं. न्यूट्रलमध्ये टाका, ढकलून बाहेर काढा, टो करून गॅरेजला न्या. अशा नुकसानीला साधा विमा बहुतेक वेळा पुरत नाही.

थोडक्यात उरलेल्या

घारापुरीची लेणी आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतात, राणीची बाग बुधवारी. घारापुरीला सकाळच्या पहिल्या लाँचने जा. जायला तासभर लागतो आणि वर पायऱ्या आहेत. खाण्याच्या पिशव्या हातात लोंबकळत ठेवू नका, माकडं हिसकावतात.

रिक्षा शीव आणि वांद्र्याच्या दक्षिणेला चालत नाहीत. पुढे टॅक्सी, आणि एका टॅक्सीत चारच.

फास्टॅगमध्ये पैसे आदल्या रात्री भरा. टोलच्या रांगेत उभं राहून केलेला रिचार्ज वेळेवर पोचेलच असं नाही, आणि मग जादा पैसे भरावे लागतात.

वाळूवर गाडी उतरवू नका. ओली वाळू घट्ट वाटते, पण थांबलेल्या गाडीची चाकं रुततात, आणि तोवर भरती लागते.

परतताना बोरघाटाचा चढ भरल्या गाडीने चढायचा असतो. तापमानाचा काटा वर जायला लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण सोडा, खिडक्या उघडा आणि कमी गिअरमध्ये संथ चढा. तरी काटा उतरला नाही तर सुरक्षित जागी थांबून बॉनेट उघडा. रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. अर्ध्या-पाऊण तासाने, वरचा पाइप हाताला कोमट लागल्यावर, जाड फडकं धरून झाकण हळूच फिरवा आणि मगच कूलंट घाला.