दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना डिजिटल नोंद शिकवताना

दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला डिजिटल आरोग्य शिकवायचे म्हणजे ॲप उघडून दाखवायचे, असा समज दिसतो. माझ्या मते सुरुवात नोंदीपासून करावी, कारण कागदावरची चूक एका फायलीत राहते, पण संगणकावरची चूक रुग्णाबरोबर पुढच्या प्रत्येक दवाखान्यात जाते.

पहिला धडा दातांच्या क्रमांकांचा. दोन अंकी पद्धतीत ३६ म्हणजे रुग्णाच्या खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ आणि ४६ म्हणजे उजव्या बाजूची. एकाने तोंड तपासून क्रमांक सांगावेत, दुसऱ्याने ते भरावेत आणि तिसऱ्याने भरलेली नोंद पाहून पुन्हा तपासावे. तफावत कुठे पडते ते तासाभरात कळते. मोबाइलने छायाचित्र घेतानाही हीच दक्षता हवी. तोंडातल्या आरशातून टिपलेले चित्र उलटे येते, म्हणून ते सरळ करून त्यावर बाजू लिहावी. कोकणच्या दमट हवेत आरसा लगेच धुरकटतो. तो आधी कोमट पाण्यात बुडवून पुसावा. मिश्री लावणाऱ्यांच्या किंवा तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडातला पांढरा चट्टा टिपताना शेजारी मोजपट्टी ठेवावी, म्हणजे पुढच्या भेटीत तो वाढला की नाही ते ताडता येते. छायाचित्र विद्यार्थ्याच्या खासगी मोबाइलमध्ये वा वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात राहू देऊ नये.

संमतीचा धडा वर्गात नव्हे, शिबिरातच उमगतो. दापोली-गुहागरकडच्या एखाद्या वाडीत आजी समोर बसलेली असते आणि तिच्या आधारला जोडलेला मोबाइल मुंबईला गेलेल्या मुलाकडे असतो. आधारवरून १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे रुग्णाच्या डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक, काढताना ओटीपी त्याच्याकडे जातो आणि विद्यार्थी उत्साहाने फोन लावून तो मागतो. फसवणूक करणारेही नेमके असेच मागतात, त्यामुळे फोनवर ओटीपी सांगण्याची सवय आपल्या हातून कोणाला लागू नये. आभा ऐच्छिक आहे आणि तिच्यावाचून उपचार अडत नाहीत, हे विद्यार्थ्याने आजीला तिच्या बोलीत सांगावे. नोंद महाविद्यालयाच्या कागदी अर्जावर घ्यावी. आभाचे काम मुलगा गणपतीला गावी आला की करता येते. पावसात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, तेव्हाही हाच अर्ज उपयोगी पडतो, मात्र तो त्याच संध्याकाळी संगणकात उतरवून दुसऱ्याकडून वाचून घ्यावा.