हुक गुपचूप सुटायचा

बडोद्यात दांडिया बाजारातल्या काकांच्या दुकानासाठी बारकोड स्कॅनरचा प्रोग्राम लिहिला. स्कॅनर विंडोजच्या लेखी कीबोर्डच, म्हणून लो-लेव्हल कीबोर्ड हुक लावला, म्हणजे कीबोर्डचं बटण (की) दाबलं की विंडोज आधी माझ्या कोडला हाक मारेल अशी सोय. सकाळी झकास चाले, दुपारच्या गर्दीत गप्प. एरर नाही, काही नाही! काका म्हणाले, "तुझ्यापेक्षा माझी वही बरी."

घोळ माझ्याच कॉलबॅकमध्ये, म्हणजे विंडोज हाक मारते त्या फंक्शनमध्ये, होता. प्रत्येक की आली की मी तिथेच डेटाबेसमध्ये लिहीत बसायचो. असा उशीर वारंवार झाला, की विंडोज ७ पासून सिस्टिम हुक परस्पर काढून टाकते, प्रोग्रामला कळवतही नाही. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून कॉलबॅकने परतायची मुदत जास्तीत जास्त १००० मिलिसेकंद.

आता कॉलबॅक की फक्त रांगेत टाकतो आणि लगेच कॉल-नेक्स्ट-हुक-एक्स करून, म्हणजे ती पुढच्या हुककडे सोपवून, परततो. लिखाण दुसऱ्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्राममध्येच समांतर चालणाऱ्या वेगळ्या कामावर. हुकच्या थ्रेडचा मेसेज लूपही (विंडोजचे निरोप घेत राहणारा फेरा) मोकळा ठेवलाय.

काकांची वही मात्र अजून गल्ल्याशेजारीच आहे.