ड्रॅग रेसचं शूटिंग: कॅमेरा कुठे काढायचा, कुठे खिशात ठेवायचा

२९० फ्रेम. एवढ्या मोजल्या की एखाद्या टीमनं वर्षभर जपलेलं गुपित उघडं पडतं, हे मला माझ्याच व्हिडिओवरून कळलं.

ती ग्रज रेसची रात्र होती. ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्या सरळ ट्रॅकवर शेजारी-शेजारी धावतात ती काही सेकंदांची शर्यत, आणि ग्रज रेस म्हणजे दोन टीम आपापसात ठरवून, पैज लावून खेळतात ती. त्या रात्री टाइमबोर्ड बंद असतात. कोण जिंकलं ते सगळ्यांना दिसतं, पण किती सेकंदांत ते कुणालाच कळू देत नाहीत. वेळ फुटली की पुढच्या पैजेला समोरचा त्याच हिशोबानं सवलत मागतो, नाहीतर खेळायलाच येत नाही. गेटवर ‘व्हिडिओ काढू नये’ अशी पाटी होती. ती मोठे कॅमेरे घेऊन येणाऱ्यांसाठी असेल असं मी धरून चालले. फोनवर सेकंदाला ६० फ्रेमनं एक फेरी टिपली आणि घरी पोहोचायच्या आत टाकूनही दिली. सकाळपर्यंत कुणीतरी गणित मांडलं होतं. पुढचं चाक हललं ती फ्रेम आणि फिनिश लाइनला जिंकणाऱ्याचा दिवा, म्हणजे विन लाइट, लागला ती फ्रेम, मध्ये २९०. भागिले ६०, म्हणजे ४.८३ सेकंद. एक-अष्टमांश मैलाची, म्हणजे २०१ मीटरची ती वेळ. बोर्ड हजाराव्या भागापर्यंत वेळ दाखवतो आणि माझ्या मापात एका फ्रेमचा, ०.०१७ सेकंदाचा फरक पडू शकतो. पण पैज लावणाऱ्याला तेवढं पुरतं.

गाडीचा मालक मला भेटला तेव्हा आवाज चढवला नाही. “बोर्ड आम्ही बंद ठेवला होता, तो तुम्ही चालू केलात,” एवढंच म्हणाला. व्हिडिओ मी लगेच काढून टाकला, पण तोवर त्याच्या प्रती निघाल्या होत्या.

त्या दिवसापासून मी बंदीची पाटी दिसली की आधी विचारते, ही बंदी कशाला राखते आहे? वेळ राखते, जीव राखते, प्रक्षेपणाचे हक्क राखते की कुणाच्या इंजिनातलं गुपित? ते कळलं की कॅमेरा कुठे चालेल आणि कुठे नाही हे बरंचसं आपोआप उमगतं.

आधी तिकीट वाचा

“मी पैसे भरलेत, मग शूटिंग का नाही?” हे वाक्य गेटवर कितीही मोठ्यानं म्हटलं तरी चालत नाही. तिकीट म्हणजे दुसऱ्याच्या जागेत यायची परवानगी, आणि ती अटींसकट मिळते. हे फार जुनं तत्त्व आहे. १९१३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे घोड्यांच्या शर्यतीचा एक खटला आला होता. घोड्याला औषध दिल्याच्या संशयावरून एका माणसाला तिकीट असूनही मैदानात येऊ दिलं नव्हतं. न्यायालयानं सांगितलं की तिकिटामुळे जागेवर हक्क येत नाही. फार तर करार मोडला म्हणून भरपाई मागता येईल. ड्रॅग स्ट्रिपच्या गेटवरही तिकिटाची तीच गत असते.

आणि कुंपणाबाहेरून? १९३७ सालचा ऑस्ट्रेलियातला एक खटला यासाठी माहीत असावा. सिडनीतल्या एका रेसकोर्सच्या शेजारी राहणाऱ्यानं स्वतःच्या अंगणात मचाण उभारलं आणि त्यावरून शर्यतीचं वर्णन रेडिओवर जाऊ लागलं. रेसकोर्सनं दावा लावला आणि हरला. डोळ्यांना जे दिसतं त्या देखाव्यावर मालकी नसते, असं बहुमतानं ठरलं. याचा अर्थ सगळीकडे बाहेरून शूटिंगला मोकळीक आहे असा मात्र नाही. देशागणिक कायदा वेगळा असतो, शेजारची जागाही कुणाच्या तरी मालकीची असते, आणि एकदा तिकीट काढून आत पाऊल टाकलं की तिथल्या अटी लागू होतात.

तिकिटाच्या अटींमध्ये मी चार गोष्टी शोधते. पहिली, ‘वैयक्तिक वापर’. बहुतेक ठिकाणी घरी बघायला, मित्रांना दाखवायला व्हिडिओ चालतो. जाहिरातींचे पैसे मिळणाऱ्या चॅनलवर टाकला की तो धंदा ठरू शकतो. तुमचं चॅनल छोटं असलं तरी हे विचारून घ्या. दुसरी, थेट प्रक्षेपण. बंदी सगळ्यांत जास्त यावरच असते आणि ती खरोखर अमलात आणतात, कारण प्रक्षेपणाचे हक्क कुणीतरी पैसे मोजून घेतलेले असतात. फेरी रेकॉर्ड करून नंतर टाकणं एक वेळ खपतं, फोन धरून लाइव्ह जाणं खपत नाही. तिसरी, सामान: ट्रायपॉड, सेल्फी स्टिक, मोठी लेन्स. ट्रायपॉडचा आक्षेप साधा आहे. पायऱ्यांच्या वाटेत तीन पाय पसरले की माणसं अडखळतात. एकपायी स्टँड चालेल का, एवढं विचारलं तर पुष्कळदा हो म्हणतात. चौथी गोष्ट ड्रोन. लेखी परवानगी हातात नसेल तर तो घरीच ठेवा; गाड्या आणि गर्दी यांच्यावर उडणाऱ्या वस्तूबद्दल कुणीही आयोजक ऐकून घेणार नाही, आणि माझंही मत तेच आहे.

परवानगी मागायची पद्धत

“व्हिडिओ काढू का?” असा मोघम प्रश्न विचारला की “नको” हे उत्तर सोपं असतं. मी असं लिहून पाठवते: “मी हौशी आहे, कोणत्याही माध्यमासाठी काम करत नाही. शनिवारच्या फेऱ्या प्रेक्षकांच्या जागेतून, एका कॅमेऱ्यानं, ट्रायपॉडशिवाय टिपणार आहे. लाइव्ह जाणार नाही. व्हिडिओ दोन दिवसांनी माझ्या चॅनलवर टाकीन, त्यावर जाहिराती चालतात. कोणत्या फेऱ्या किंवा कोणत्या गाड्या टिपू नयेत ते कळवा.” शेवटचं वाक्य गाळू नका. त्यावरून समोरच्याला कळतं की तुम्हाला इथले रिवाज माहीत आहेत. आलेलं उत्तर फोनमध्ये उघडून ठेवा, कारण गेटवरच्या माणसाला ऑफिसनं काय कळवलंय ते ठाऊक नसतं.

गार्डवॉलजवळ, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या भिंतीजवळ, उभं राहायचं असेल तर मीडिया पास लागतो, आणि त्यासोबत जॅकेट, सही करायचं हमीपत्र आणि स्टार्टरचा, म्हणजे शर्यत सोडणाऱ्या अधिकाऱ्याचा, शब्द पाळण्याची तयारी. हौशी माणसाला तो मोठ्या स्पर्धेत क्वचितच मिळतो. छोट्या टेस्ट अँड ट्यूनच्या, म्हणजे सरावाच्या, दिवशी, ओळख झाल्यावर, मिळू शकतो. माझा पहिला पास मला असाच मिळाला.

कुठे उभं राहायचं

प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये वरच्या रांगा घ्या. खाली जाळी मध्ये येते आणि फोकस जाळीवरच अडकतो.

स्टार्ट लाइनच्या मागची जागा फोटोत सुंदर दिसते, म्हणून सगळ्यांना तीच हवी असते. तिथे जमिनीलगत इन्फ्रारेड किरणांचे झोत असतात. पुढचं चाक पहिल्या झोतात आलं की ट्रीवर, म्हणजे सुरुवातीच्या दिव्यांच्या खांबावर, प्री-स्टेजचा दिवा लागतो, दुसऱ्यात आलं की स्टेजचा. चाक दुसऱ्या झोतातून सुटलं की घड्याळ धावू लागतं. कुणाचा पाय किंवा पट्टा त्या झोतात गेला तर फेरीचा विचका होतो. अंधारात कॅमेऱ्यावरचा दिवा ड्रायव्हरच्या तोंडावर पडला तर त्याहून वाईट. प्रो ट्रीमध्ये तिन्ही पिवळे दिवे एकदम लागतात आणि ०.४ सेकंदांनी हिरवा येतो. तो माणूस त्या क्षणासाठी श्वास रोखून बसलेला असतो. कॅमेऱ्याचा लाल ठिपकासुद्धा मी टेपनं झाकते.

गार्डवॉलच्या पलीकडे, ट्रॅकच्या कडेला, पास असला तरी सांगितलेल्या ठिकाणीच उभं राहायचं. अ‍ॅरिझोनात फेब्रुवारी २०१० मध्ये एका टॉप फ्युएल गाडीचं (नायट्रो इंधनावर धावणारा सगळ्यांत वेगवान वर्ग) मागचं चाक निखळलं, उसळून प्रेक्षकांच्या बाजूला गेलं आणि एका महिलेचा जीव गेला. ताशी ५०० किलोमीटरच्या पुढे जाणाऱ्या गाडीतून काय, कधी, कुठे उडेल ते कुणी सांगू शकत नाही. अधिकारी “दोन पावलं मागे” म्हणाला की व्ह्यूफाइंडरमधून डोळा काढा आणि मागे व्हा. फ्रेम गेली तर जाऊ दे.

पिटमध्ये, म्हणजे टीम गाड्यांवर काम करतात त्या भागात, गोष्ट वेगळी आहे. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धांमध्ये प्रत्येक तिकिटावर पिटमध्ये जाता येतं, आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात अख्खं इंजिन उघडून पुन्हा उभं करणारी माणसं हातभर अंतरावरून बघता येतात. इथे दोरी हीच हद्द. दोरीबाहेरून माणसं, हात, अवजारं टिपा. क्लचच्या चकत्या काढून मांडल्या असतील किंवा लॅपटॉपवर आलेख उघडा असेल तर कॅमेरा वळवा, नाहीतर टीममधल्या कुणाच्या तरी नजरेला नजर देऊन विचारा. मान हलली तर काढा. क्लच कधी किती पकडतो यावर टॉप फ्युएलची फेरी ठरते. त्या चकत्यांवरच्या खुणा जाणकाराला बरंच काही सांगतात.

आवाजही गुपित फोडतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. चार-स्ट्रोक व्ही-८ इंजिनात एका फेऱ्याला चार स्फोट होतात. रेकॉर्डिंगमध्ये ४८० हर्ट्झचा सूर सापडला की इंजिन मिनिटाला ७,२०० फेऱ्यांवर होतं हे गणित कुणीही करू शकतं, आणि गिअर कुठे बदलला तेही दिसतं. म्हणून एखाद्या टीमनं “चित्र चालेल, आवाज नको” म्हटलं तर तो हट्ट समजू नका. मूळ आवाज काढून टाकायचा आणि तसं त्यांना कळवायचं.

गाडीत कॅमेरा लावायचा असेल तर

टेक तपासणीच्या, म्हणजे गाडीच्या सुरक्षेच्या तपासणीच्या, वेळीच दाखवा. हेल्मेटवर कॅमेरा लावू देत नाहीत. धडकेत तो मानेवर आणि हेल्मेटच्या कवचावर नको तो भार टाकतो. काचेला चिकटणाऱ्या सक्शन कपवर माझा विश्वास नाही आणि बहुतेक तपासनीसांचाही नसतो. रोल बारला, म्हणजे ड्रायव्हरच्या भोवतीच्या धातूच्या सांगाड्याला, धातूच्या क्लॅम्पनं आवळलेला, शिवाय तारेनं बांधलेला कॅमेरा दाखवा. चालू-बंद करायला ड्रायव्हरचा हात स्टिअरिंगवरून उचलावा लागता कामा नये. रांगेत उभं असतानाच रेकॉर्डिंग सुरू करा.

टाकण्याआधी

ट्रॅकच्या स्पीकरवर गाणी लागलेली असतात, आणि त्यांच्या हक्कांमुळे व्हिडिओ अडकतो. बर्नआउटच्या, म्हणजे टायर फिरवून तापवण्याच्या, वेळी आवाज कमी ठेवून फेरीचा मूळ आवाज वर आणला की बहुतेक वेळा गाणं दबतं. त्यासाठी रेकॉर्डिंगची पातळी हातानं खाली आणून ठेवलेली असावी. ऑटोवर सोडली तर नायट्रोच्या गाडीचा आवाज नुसता फाटतो. स्वतःच्या कानात बोळे घालायला विसरू नका.

अपघाताचं चित्रण हा यातला सगळ्यांत अवघड भाग. २१ जून २००८ रोजी न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनला स्कॉट कलिटा हा फनी कार या वर्गातली गाडी चालवणारा ड्रायव्हर पात्रता फेरीतल्या अपघातात मरण पावला. त्यानंतर टॉप फ्युएल आणि फनी कारची शर्यत पाव मैलावरून हजार फुटांवर, म्हणजे साधारण ३०५ मीटरवर आणली. अशा क्षणी ट्रॅकवाले कॅमेरे खाली करायला सांगतात. घरच्यांना बातमी द्यायच्या आधी ती फोनवर पोहोचू नये, हे त्यामागचं कारण असतं. माझ्या समोर एकदा गाडी भिंतीवर गेली. ड्रायव्हर स्वतःच्या पायांनी बाहेर आला, पण तो बाहेर येईपर्यंतचे ते क्षण मला अजून आठवतात. मी लेन्स जमिनीकडे वळवली, रेकॉर्डिंग बंद केलं, आणि तोवर टिपलेला भाग कार्डासकट सेफ्टी प्रमुखाच्या हातात दिला. चाक आधी वळलं की टायर आधी फाटला, हे त्यांना त्यातून बघायचं होतं. कार्ड आठवड्यानं परत मिळालं. तो भाग मी कुठेही टाकलेला नाही. ड्रायव्हरनं मागितला तेव्हा त्याला एक प्रत दिली.