उघड्या टपाच्या गाडीचा गंज आणि एक फसवा आवाज
पक्के छत नसल्यामुळे अशा गाडीत दारांखालच्या पोकळ पट्ट्यांवर बराच भार येतो, म्हणून मी आधी त्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहिल्या. डावीकडे ‘टण’ऐवजी ‘भद’ असा आवाज आला आणि टोक दाबताच रंगाचा पापुद्रा निघून ते आत गेले. जॅकने मागची बाजू उचलताच दाराची फटही बदलली. पाणी सोडणारी भोके चिखलाने बुजली होती, हे खरे मूळ. कुजलेला पत्रा कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवा आधार वेल्ड करून घेतला, अन्यथा गाडी वाकलीच असती.

गिअर टाकताना येणाऱ्या ‘खट’ आवाजासाठी मी उगाच गिअरबॉक्सला दोष देत होतो. प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) हाताने पिळल्यावर त्याच्या मागच्या युनिव्हर्सल जॉइंटमधला, म्हणजे कोनातही फिरू देणाऱ्या सांध्यातला, ढिलेपणा आणि तांबूस भुकटी दिसली. त्या सांध्यातला फुलीच्या आकाराचा क्रॉस बदलल्यावर आवाज थांबला.