जिन्याखालच्या जागेतील ओढते खण

चिपळूणच्या आमच्या घरात जिन्याखालची तिरकस, अंधारी जागा रद्दी आणि रिकाम्या डब्यांनी अडली होती. पावसाळ्यात तिथल्या भिंतीला ओल येत असे, म्हणून सुताराला बोलावण्यापूर्वी गवंड्याकडून सुटलेला गिलावा काढून जलरोधक मिसळलेला नवा गिलावा करून घेतला आणि तो पूर्ण वाळेपर्यंत थांबलो. हे काम टाळले तर कितीही महागडे कपाट मागून बुरशी धरते.

खोल जागेत साध्या फळ्या मारल्या की मागचे सामान हाताला लागतच नाही. त्यामुळे चाकांवर बाहेर ओढता येणारे तीन उभे खण केले: उंच खणात झाडू, घडीची शिडी आणि इस्त्रीचे टेबल, मधल्यात सणासुदीची मोठी भांडी, तर उताराच्या टोकाच्या बुटक्या खणात चपला. प्लायवूड आयएस ७१० प्रतीचे, म्हणजे ओलाव्यात टिकणारे मरीन प्लाय, १८ मिलिमीटर जाडीचे घेतले आणि कापलेल्या कडाही रंगाने बंद केल्या, कारण पाणी कडेतूनच आत शिरते. हवा खेळावी म्हणून खाली-वर जाळी ठेवली.

गॅसचा सिलिंडर मात्र तिथे मुळीच ठेवू नये. हवेपेक्षा जड असलेला हा वायू गळती झाल्यास बंद जागेत तळाशी साचतो, आणि वरच्या मजल्यावरून उतरण्याची वाट तर त्याच्याच डोक्यावर असते.