नकाशावरची रेघ थेट आमच्या गडग्यापर्यंत

गणपतीला आलेला मावसभाऊ चहा पिता पिता म्हणाला, "ताई, रोज पावणेसहाला निघतेस आणि भाट्याच्या सुरूबनात दहा मिनिटं टेकतेस, ना?" मी चाटच पडले. चालण्याच्या ॲपवर माझं सगळं सार्वजनिक होतं. नकाशावरची रेघ आमच्या गडग्यापासून सुरू होत होती! २०१८ मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपच्या हीटमॅपवरून, म्हणजे सगळ्यांच्या फेऱ्या एकत्र दाखवणाऱ्या नकाशावरून, लष्करी तळ ओळखू आले होते, तिथे माझं घर काय चीज!

त्याच दुपारी बसले. प्रोफाइल 'फक्त मी'. घराभोवतीचा भाग नकाशावरून लपवला. पण जुन्या फेऱ्या तशाच दिसत राहिल्या, त्या एकेक करून बदलल्या. त्यात मोदक थंड झाले. लोकेशन 'ॲप वापरतानाच', कॉन्टॅक्ट्स बंद.

खरा धक्का पुढे होता. आरोग्याची माहिती कुठल्या ॲपला द्यायची ते ठरवणाऱ्या फोनच्या हेल्थ कनेक्टमध्ये पाहिलं, तर वर्षभर न उघडलेलं डाएटचं ॲप माझी झोप, वजन, पाळीच्या तारखा वाचायची परवानगी धरून बसलेलं. ती काढली. नुसतं ॲप उडवून भागत नाही, त्यांच्या सर्व्हरवरची माहिती राहू शकते. म्हणून आधी आतून खातंच डिलीट केलं, मग ॲप. शिवाय माहिती पुसल्याचं लेखी कळवा, असा मेल टाकला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे, त्याचाही उल्लेख केला. सहा दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं.

सुरूबनात अजून टेकते. फोन मात्र घरी चार्जिंगला असतो.