कंपनी वाढतेय, पण वातावरण बिघडतंय? या चुका टाळा

पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कितीतरी वर्कशॉपची सुरुवात सारखीच असते. माणसं आठ-दहा, मालक स्वतः मशीनवर, कोणाचं काय बिनसलंय ते चहाच्या वेळी कळतं. मग दुसरी शिफ्ट लागते आणि मालक सगळीकडे पुरेनासा होतो. "आपल्याकडे असं चालत नाही" हे नव्या पोराला कोणी सांगितलेलंच नसतं. तिथून पुढे कामाच्या सवयी ठरवून लावाव्या लागतात, आणि त्यात पुढच्या चुका हमखास होतात.

भिंतीवर एक, पगारात दुसरं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. गेटवर 'गुणवत्ता प्रथम'चा बोर्ड आणि सुपरवायझरचा इन्सेंटिव्ह फक्त नगांवर. महिनाअखेरीला डिस्पॅच अडकला की मापाबाहेरचे जॉब, म्हणजे तयार भाग, "चालतंय रे, जाऊ दे" म्हणत पेटीत जातात. शेजारी उभा असलेला हेल्पर त्या दिवशी जे शिकतो, ते कुठल्याही ट्रेनिंगने पुसलं जात नाही.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. एन्रॉन या अमेरिकेतल्या ऊर्जा कंपनीच्या जाहीर मूल्यांत सचोटी होती. हिशेबातली लबाडी उघडी पडली आणि २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत विक्रीच्या टार्गेटपायी ग्राहकांना न विचारता खाती उघडली गेली. २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलर दंड झाला आणि सुमारे ५,३०० जणांना काढल्याचं समोर आलं. एवढे सगळे मुळातच लबाड होते, असं मला तरी वाटत नाही.

तुमच्याकडे काय चाललंय ते पाहायचं असेल, तर गेल्या वर्षी बढती मिळालेल्यांची नावं लिहा आणि ती कशामुळे मिळाली, असं शॉप फ्लोअरवर विचारा. "साहेबांच्या मर्जीतला" असं उत्तर आलं, तर बोर्ड खुशाल उतरवा. इन्सेंटिव्ह काढताना ग्राहकाकडून परत आलेला माल वजा करा. आणि एकदा तरी मालकाने सगळ्यांदेखत मालाची गाडी थांबवून ग्राहकाला "माल उद्या देतो" असा फोन करावा.

"तो गेला तर सेटिंग कोण करणार?"

काम फर्स्टक्लास, पण पोरांना शिव्या घालणारा सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा कारागीर, प्रत्येक कारखान्यात सापडतो. त्याला चालवून घेतलं की इतरांना कळतं, इथे हात चालला की तोंड माफ. आधी दुसरा माणूस सेटिंगला तयार करा, मग त्या शिवराळ सेटरला बसवून स्पष्ट बोला. उलट क्रमाने गेलात तर तोच तुम्हाला वेठीला धरेल.

चूक आधी ग्राहकाकडून कळते

मीटिंगमध्ये सगळे गप्प आणि टपरीवर सगळे बोलतात, हे लक्षण. टोयोटाच्या कारखान्यांत कामगाराला अडचण दिसली की तो दोरी ओढतो (आता बऱ्याच ठिकाणी बटण दाबतो), टीम लीडर धावत येतो आणि दोष तिथे निस्तरला नाही तर लाइन थांबते. दोरी कोणीही बसवेल, पहिल्यांदा ओढणाऱ्याला "कोणी केलं हे?" ऐकू आलं, की पुन्हा कोणी हात लावत नाही. "काय झालं, दाखव" एवढंच विचारा.

"आपण सगळे एक कुटुंब"

माणसं चाळीस झाली की कुटुंबाचा अर्थ होतो, जवळच्यांना रजा आणि उचल लगेच, बाकीच्यांना "बघू". उचल, रजा, ओव्हरटाइमचे नियम एका पानावर, मराठीत आणि हिंदीत लावा आणि मालकाच्या भाच्यालाही तेच. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याने सक्तीची आहे. "आपल्याकडे तसलं काही होत नाही" हे उत्तर कायद्याला चालत नाही.

कंत्राटी पोरं हिशेबातच नसणं

त्यांना चहा वेगळा, हातमोजे जुने, आणि पहिल्या दिवसापासून थेट मशीनवर. रिजेक्शन वाढलं की बोल मात्र त्यांनाच. नव्या माणसाला, कंत्राटी असो की कायम, पहिला आठवडा ज्याचं काम तुम्हाला मनापासून आवडतं अशाच जुन्या माणसासोबत ठेवा. त्या आठवड्यात जुन्या माणसाचे नग कमी भरतील. त्याचा इन्सेंटिव्ह कापू नका.